पिस्टन फोर्ज्ड, अक्कल कास्ट

मंडळी, या वीकेंडला डोकं जरा फिरलेलं आहे, तेव्हा आज भांडणार आहे. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचाही रस नाही त्यांनी इथूनच रामराम घ्यावा, पुढच्या शनिवारी भेटूच.

तर झालं असं. माझ्या एका जुन्या रूममेटच्या टर्बो हॅचबॅकचं इंजिन खंबाटकी घाट चढताना गेलं. गाडीत पाच माणसं, एसी चालू, तिसरा गिअर, जेमतेम १८०० आरपीएम आणि पाय तळापर्यंत दाबलेला. आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, मग मागे निळा धूर. इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगलँड, म्हणजे दोन रिंगांच्या खाचांमधली ती बारीक कड, तुकडे होऊन निघाला. गाडीला सात महिन्यांपूर्वी रीमॅप केला होता. ज्याने तो केला त्याचं निदान तयारच होतं: "सर, स्टॉक पिस्टन वीकच असतात हो. फोर्ज्ड टाकून घ्या, मग नो टेन्शन." पिस्टन, रॉड, बेअरिंग, बोल्ट, मशीनिंग आणि मजुरी मिळून साडेचार लाखांचं कोटेशन.

कहर म्हणजे हे ऐकून आमचे मित्रवर्य खचायच्या ऐवजी चक्क खूश झाले. "अरे, आता फुल बिल्ड करतो, मग स्टेज ३!" घराचा हप्ता चालू आहे, गाडी रोज कोथरूड ते हिंजवडी जाते, आणि साहेबांना स्टेज ३ पाहिजे. त्या रात्री आमचं जे काही वाजलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यातला मुद्दा लिहिण्यासारखा आहे, कारण गेल्या काही वर्षांत हाच डायलॉग मी निदान चार जणांकडून ऐकला आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. रोजच्या वापरातल्या टर्बो गाडीला फोर्ज्ड इंटर्नल्स घालणं हा बहुतेक वेळा इलाज नसतो, पळवाट असते. मॅप चुकला हे मान्य करायचं नसतं म्हणून पिस्टनला दोषी ठरवायचं, आणि त्या दोषाचं बिल पुन्हा गिऱ्हाइकाच्याच नावावर फाडायचं.

आधी त्या 'फोर्ज्ड' शब्दाची हवा काढू. आपण पुणेकरांना तरी हा शब्द जादूचा वाटायला नको. १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज मुंढव्याला आहे, जगभरच्या ट्रक-गाड्यांसाठी क्रँकशाफ्ट घडवते. फोर्जिंग म्हणजे तापलेला धातू साच्यात ओतण्याऐवजी दाबून, ठोकून आकाराला आणणं. त्याने धातूतली पोकळी जाते, कण एका ओळीत येतात, भाग चिवट होतो. लोहाराचीच विद्या, फक्त हातोडा काही हजार टनांचा. आता गंमत अशी की अनेक टर्बो गाड्यांचे क्रँक आणि कनेक्टिंग रॉड कारखान्यातूनच फोर्ज्ड येतात. म्हणजे तुम्ही ज्याला 'स्टॉक, वीक' म्हणून हिणवता त्यातला अर्धा माल आधीच फोर्ज्ड असू शकतो. खरा फरक पडतो तो मुख्यतः पिस्टनमध्ये. तो कारखान्यातून बहुधा ओतीव येतो, आणि त्याला कारण कंजूषपणा एवढंच नाही.

ओतीव पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं, साधारण १२ टक्के किंवा त्याहून जास्त. सिलिकॉनमुळे पिस्टन तापल्यावर कमी फुगतो, झिजतो कमी, पण ठोका बसला की वाकण्याऐवजी तडकतो. रेसिंगवाले वापरतात तो २६१८ नावाचा मिश्रधातू घ्या. त्यात सिलिकॉन जवळजवळ नाहीच. त्यामुळे तो चिवट आहे, मार खातो, पण फुगतो जास्त. म्हणून त्याला सिलिंडरच्या भिंतीपासून जास्त जागा सोडावी लागते. ओतीव पिस्टनला साधारण २० ते ४० मायक्रॉन पुरतात, तिथे याला ७०-८० किंवा त्याहून अधिक लागतात. परिणाम? थंड इंजिनात पिस्टन भिंतीवर आपटतो, सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडखड ऐकू येते, ऑइल जास्त जळतं, झीज लवकर होते. रेसच्या गाडीचं इंजिन दर काही शर्यतींनी उघडतातच, तिथे हे चालतं. तुमची गाडी रोज सकाळी थंड चालू होणार, चार किलोमीटरवर सिग्नलला उभी राहणार. तिला हा सौदा कशाला? ४०३२ नावाचा मधला पर्याय आहे, त्यात सिलिकॉन पुन्हा १२ टक्क्यांच्या आसपास असतं. तो शांत चालतो, पण चिवटपणात २६१८ च्या मागे राहतो. फुकट काहीच मिळत नाही, बॉस.

आता मुख्य प्रश्न. पिस्टन तुटतो कशाने?

एक ढोबळ हिशेब करू. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आपल्याकडे आली, आपल्या पिढीच्या अर्ध्या लोकांना टर्बोचं वेड तिनेच लावलं. तिच्या १.२ लिटर इंजिनाचा बोअर ७१ मिमी, स्ट्रोक ७५.६ मिमी. सिलिंडरमध्ये सर्वोच्च दाब ९० बार धरला तर पिस्टनवर येणारं बल साडेतीन टनांच्या वर जातं. म्हणजे तीन हॅचबॅक एकमेकींवर रचून त्या एका पिस्टनवर ठेवल्यासारखं. ३००० आरपीएमला हे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा घडतं. आणि तरी पिस्टन वर्षानुवर्षं टिकतो, कारण हा दाब हळू, म्हणजे काही मिलिसेकंदांत का होईना, पण चढत जातो. ज्योत स्पार्क प्लगपासून पसरत जाते आणि पिस्टनला ढकलते.

नॉक होतो तेव्हा ही शिस्त मोडते. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं, एका झटक्यात. दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये घंटेसारख्या घुमतात. तोच तो खड्यांचा आवाज. पिस्टनच्या पृष्ठभागावर वायूचा जो पातळ थर त्याला उष्णतेपासून वाचवत असतो, तो या लाटा खरवडून काढतात. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी ओसरायला लागते. तापलेली, मऊ पडलेली कड आणि वरून हातोड्याचे घाव. रिंगलँड तुटेल नाही तर काय होईल?

छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोंना याचा आणखी एक मोठा भाऊ भेटतो, कमी आरपीएमचं प्रीइग्निशन. कमी वेग, जास्त भार, म्हणजे अगदी आमच्या खंबाटकीसारखी परिस्थिती. ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण स्पार्कच्याही आधी मिश्रण पेटवतो, पिस्टन अजून वरच येत असतो, आणि दाब भलत्याच पातळीला जातो. हे इतकं गंभीर आहे की त्यासाठी इंजिन ऑइलचे मानकच बदलावे लागले: २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आलं, २०२० मध्ये एसपी. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचं प्रमाण हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. म्हणजे बघा, हजार-दोन हजार रुपयांच्या फरकाचं योग्य ऑइल जिथे काम करतं तिथे आपण साडेचार लाखांचे पिस्टन घालायला निघालोय.

आणि फोर्ज्ड पिस्टन नॉक थांबवतो का? नाही. तो फक्त जास्त वेळ मार खातो. नॉक होतच राहतो, मग हेड गॅस्केट जातं, बेअरिंग जातात, रॉड वाकतो.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हिस दर तीन दिवसांनी आउट ऑफ मेमरी होऊन पडते. कोणीतरी म्हणतो, हीप डबल करा. केली. आता ती सहा दिवसांनी पडते. सगळे टाळ्या वाजवतात, मॅनेजर मेल टाकतो. मेमरी लीक आहे तिथेच आहे! फोर्ज्ड पिस्टन म्हणजे ही डबल केलेली हीप. रात्री तीन वाजता फोन येणारच आहे, फक्त तारीख पुढे गेली.

बरं, फोर्ज्ड पिस्टन बसवणंही येरागबाळ्याचं काम नाही. रिंगच्या दोन टोकांमध्ये किती फट ठेवायची याचा टर्बो इंजिनासाठीचा ढोबळ नियम म्हणजे बोअरच्या साधारण अर्धा टक्का. ७१ मिमीच्या बोअरला ०.३५ मिमीच्या आसपास. कोणी घाईत, सवयीने, ०.२ ठेवली तर भर उन्हात घाट चढताना रिंग फुगून टोकं भिडतात, रिंग अडकते आणि त्याच रिंगलँडचा तुकडा काढते. हो, फोर्ज्ड पिस्टनचासुद्धा. भोसरी-चाकणमध्ये मायक्रॉनचं काम डोळे मिटून करणारे कारागीर आहेत, त्यांना माझा दंडवत. पण "होऊन जाईल सर" म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे बोअर गेज असतंच असं नाही, आणि असलं तरी तो ते काढतोच असंही नाही.

आता दुसऱ्या बाजूचं लाडकं ब्रह्मास्त्र: "मग सुप्रा कशी काय सहन करते?" मला ठाऊकच होतं कोणीतरी टूजेझेड काढणार. १९९३ च्या त्या टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं २जेझेड-जीटीई इंजिन, ओतीव लोखंडाचा जाडजूड ब्लॉक, जपानमध्ये कागदावर २८० पीएस, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसात त्याहून जास्त जाहीर करायचं नाही असं ठरवलेलं. त्या इंजिनात मार्जिन प्रचंड होतं, मान्य. पण त्यावरून "प्रत्येक कंपनी ताकद लपवून ठेवते" हा निष्कर्ष काढणं म्हणजे सचिन मुंबईचा म्हणून प्रत्येक मुंबईकराने शतक ठोकावं म्हणण्यासारखं आहे. १९९३ चं तीन लिटर लोखंड आणि आजचं एक-सव्वा लिटर अ‍ॅल्युमिनियम यांची तुलना करू नका.

आणि मार्जिन म्हणजे कंपनीने विसरून ठेवलेले पैसे नव्हेत. ते आधीच खर्ची पडलेलं आहे. नागपूरचा मे महिना, सिग्नलवर तापलेला इंटरकूलर, कुठल्यातरी आडगावच्या पंपावरचं पेट्रोल, दोन सर्व्हिसिंग चुकवलेला मालक, हे सगळं एकाच दिवशी एकत्र आलं तरी इंजिन टिकावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तुमचा सर्व्हर एरवी ५० टक्के सीपीयूवर चालतो म्हणून तुम्ही अर्धी मशीन्स विकून टाकता का? मग दिवाळी सेलला काय करता?

बरं, इंजिन केलंत पोलादी. पुढे काय? त्याच पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी, डीक्यू२००, कोरड्या क्लचचा, २५० न्यूटन मीटरच्या मर्यादेसाठी बनवलेला आहे. गाडीचा मूळ टॉर्क १७५. म्हणजे मॅपनेच तुम्ही त्या भिंतीजवळ जाऊन उभे राहता. साडेचार लाख घालून इंजिन ३५० पेलण्याइतकं केलंत तरी गिअरबॉक्स म्हणणार, दादा, माझं काय? मग क्लच, मग ब्रेक, मग टायर, मग इंधन पंप, मग इंटरकूलर. साखळीतली एक कडी जाड केली की शेजारची तुटते. शाळेत शिकलो होतो, इंजिनिअरिंगला पुन्हा शिकलो, नोकरी लागल्यावर विसरलो.

एक मजेशीर हिशेब तर कोणी करतच नाही. नवे पिस्टन बसवताना अनेकदा बोअर अर्धा मिलिमीटर वाढवतात. ११९७ सीसीचं इंजिन त्याने १२१४ सीसीचं होतं. आरसी बुकात मात्र ११९७च. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही गोष्ट ठणकावून सांगितली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. "कोण बघतंय आत?" हा प्रश्न अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की फारसा विनोदी राहत नाही.

आणि आता ज्याने माझं डोकं खरंच फिरलं ते. मित्राच्या मॅपवाल्याने आणखी एक पर्याय सुचवला होता: "सर, पहिले स्टॉक फाइल परत टाकतो, मग वॉरंटीत देऊन बघा. लागलं तर लागलं." ही चोरी आहे. गोड शब्दांत सांगायची गरज नाही. गाडीच्या कंप्युटरमध्ये फाइल किती वेळा लिहिली याच्या खुणा राहतात. फोक्सवॅगन समूहात तर अशा गाड्यांवर टीडी१ नावाचा शिक्का बसतो आणि वॉरंटी जाते. पण पकडले जाल म्हणून करू नका असं मी म्हणत नाहीये. करू नका, कारण तुमच्या हौसेचं बिल कोणातरी दुसऱ्याच्या गाडीच्या किमतीत वाढून जातं, आणि मग ज्याची गाडी खरोखरच कारखान्यातून खराब आली त्या गरिबाला वर्कशॉपवाले चोरासारखं बघतात. ऑफिसात खोटी बिलं लावणाऱ्याला आपण नावं ठेवतो. मग इथे कसली मर्दुमकी?

आता विरुद्ध बाजूचंही ऐकू, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. ज्यांची गाडी ट्रॅकवर जाते, कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर लॅप मारते किंवा ड्रॅगला उतरते, त्यांनी फोर्ज्ड जरूर घालावं. तिथे ते लागतंच. आरपीएम वाढवले की रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो: ६००० चे ७००० केले तर ताण ३६ टक्क्यांनी जास्त. तिथे चांगला रॉड आणि चांगले बोल्ट ही चैन नाही, जीव वाचवायची गोष्ट आहे. दीड-दोन लाख किलोमीटर चाललेलं इंजिन तसंही रिबोअरला निघालंय आणि खिशात पैसे आहेत, तर रॉड बदला, माझी ना नाही. पण या लोकांकडे एक गोष्ट समान असते. ते आधी ठरवतात किती ताकद पाहिजे, मग त्या आकड्यासाठी इंधन, थंडावा, क्लच, ब्रेक आणि शेवटी इंजिनाच्या पोटातले भाग असं सगळं एकत्र आखतात. आपले लोक आधी मॅप मारतात, मग इंजिन फोडतात, मग फोर्ज्ड घालतात आणि त्यालाच 'बिल्ड' म्हणतात. त्याला दुरुस्ती म्हणतात, राजे.

इथपर्यंत मी फार शहाण्यासारखं बोललो. आता कबुली.

मित्राला रीमॅप कर म्हणून आग्रह करणारा मीच होतो. इंजिन जायच्या दोन आठवडे आधी त्याच्या गाडीला केबल लावून मी स्वतः लॉग काढला होता. मॅपवाल्याने सात महिन्यांत एकदाही काढला नव्हता, म्हणून मला मोठी फुशारकी. त्या लॉगमध्ये तिसऱ्या सिलिंडरची स्पार्क वेळ कमी आरपीएमला पुन्हा पुन्हा सहा-सात अंश मागे जात होती. म्हणजे नॉक सेन्सर ओरडत होता आणि कंप्युटर बिचारा जमेल तेवढं सावरत होता. बाकीचे तीन सिलिंडर ठीक. आम्ही दोघांनी तो ग्राफ बघितला. मी म्हणालो, "होतं रे असं कधीकधी, पेट्रोलमुळे असेल." लॅपटॉप बंद केला आणि मिसळ खायला गेलो.

ती फाइल अजून माझ्याकडे आहे. रोज ज्युनिअर मुलांना कोड रिव्ह्यूमध्ये "वॉर्निंग इग्नोर करू नका" म्हणून झापणारा मी. वॉर्निंग लाल अक्षरात समोर होती. तेव्हा मॅपवाल्यावर जितका राग आहे त्यातला अर्धा मी माझ्याकडे ठेवून घेतो.

म्हणून ज्यांना तरीही मॅप करायचाच आहे त्यांनी पैसे देण्याआधी समोरच्याला एवढं विचारा. प्रत्येक सिलिंडरचा नॉक लॉग दाखवणार का, मॅप मारल्यावर आणि पुन्हा भर उन्हाळ्यात? मॅप कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय? कारण २०२५ पासून देशभर ई२० आलं आहे. इथेनॉल नॉकला चांगलं रोखतं, पण त्याच ताकदीसाठी ते जास्त ओतावं लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंपाची शिल्लक क्षमता घटते. जुन्या पेट्रोलवर लिहिलेल्या फाइलला हे ठाऊक नाही. २००० आरपीएमच्या खाली टॉर्क किती ठेवलाय? टेस्ट ड्राइव्हला पाठ सीटला चिकटावी म्हणून तिथेच सगळा टॉर्क ओततात, आणि रॉड-पिस्टनला तोच सगळ्यात जड जातो. आणि शेवटचं, इंजिन गेलं तर जबाबदारी कोणाची, लेखी देणार का? या प्रश्नांवर समोरचा हसला तर तुम्हीही हसा आणि गाडी घेऊन घरी या.

मित्राने काय केलं? दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भोसरीत एका जुन्या मशीन शॉपला आम्ही दोघं ब्लॉक घेऊन गेलो. तिथल्या काकांनी बोअर मोजला, तुटका पिस्टन बोटांत फिरवून बघितला आणि विचारलं, "घाटात खालच्या आरपीएमला दाबत होतात ना?" ना लॅपटॉप, ना केबल. मग कंपनीचेच पिस्टन, नवीन रिंगा, नवीन बेअरिंग, मूळ फाइल आणि मानकाप्रमाणे ऑइल. विम्यात यातलं काही बसत नाही, पैसे खिशातून गेले, पण त्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी. वॉरंटीच्या काउंटरला तो गेला नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे.

परवा पुन्हा खंबाटकी चढलो. पाच माणसं, एसी चालू. चढ आला तसा त्याने गुपचूप दुसरा गिअर टाकला. मी काही बोललो नाही.

असो. चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.